वकिलाला कोंबड्यांची सवय लावणेबाबत

७ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार,

पत्र बघून दचकू नका, वाईट बातमी नाही. फोनवर आपण दोघी बोललो की तिसऱ्या वाक्याला भांडतो. गेल्या वेळी तुम्ही 'तुमचा मुलगा' म्हणालात, मी 'तुमची मुलगी' म्हणाले, आणि त्यापुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. कागदावर भांडायला वेळ लागतो. पेन सापडेपर्यंत निम्मा राग उतरतो. शिवाय माझं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत चिरंजीव. मी शिंकले तरी तो आतून विचारतो, "काय झालं?"

तर मुद्दा. तीन आठवडे झाले, तो कुत्रा घेऊन माझ्याकडे राहतोय. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि संध्याकाळी भिंतीकडे बघत बसतो. तो काही खात नाही आणि त्याचा कुत्रा काही सोडत नाही. फार बोलतो म्हणून तुमच्या लेकीनेच लग्नानंतर त्याचं नाव बदलून 'वकील' ठेवलं ना? बोलतो त्याहून जास्त खातो. आजवर तीन टेपा, एक उशी आणि शाळेच्या गणवेशाची डावी बाही. गणवेशवाल्या मुलाच्या आईला मी सांगितलं, बिनबाह्यांचाच बरा, यंदा उकाडा फार पडणार आहे.

परवा मी चिरंजीवांना विचारलंच. म्हटलं, "अरे, एका कोंबडीवरून कुणी संसार मोडतं का?" तर म्हणाला, "ती म्हणते, कुत्रा असेल तिथे कोंबड्या आणणार नाही. मी म्हणतो, सात वर्षांचा कुत्रा मी टाकणार नाही. संपलं." असं म्हणाला आणि माझ्या सुताच्या रिळाचा दोरा उलगडत बसला. सगळं रीळ संपवलं.

मला एवढंच कळतं, की वकिलाचं आणि कोंबड्यांचं जमलं तर या दोघांना भांडायला कारणच उरणार नाही. ते काम आपण करायचं. गुपचूप. पोरांना सांगितलं तर ते मोडता घालतील, ते वयच तसं आहे.

बघा, पटतंय का. नाही पटलं तर पत्र फाडून टाका, पण बारीक फाडा.

तुमची विहीण


१२ फेब्रुवारी

विषय: आपले ७ तारखेचे पत्र

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

विषय लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. छत्तीस वर्षं न्यायालयाच्या कचेरीत टाइपरायटर बडवल्याचा परिणाम आहे, राग नसावा. या काळात वकिलांचे हजारो अर्ज टाइप केले. त्या वकिलांपैकी एकही कोंबडी मारून आला नव्हता. निदान कागदावर तरी.

प्रथम घटना नीट मांडते. १७ जानेवारी, रविवार, दुपारी साडेतीनची वेळ. ठिकाण, मुलांच्या भाड्याच्या घरामागचं अंगण. हजर माणसं तीन: माझी मुलगी, जावई आणि जेवायला गेलेल्या आपण. खुराड्याचं दार उघडं राहिलं, वकील आत शिरला आणि ठमी नावाची कोंबडी गेली. माझी मुलगी सांगते, दाणे टाकून झाल्यावर तिने स्वतः कडी लावली होती. जावईबापू म्हणाले, "तूच विसरलीस, दुसरं कोण विसरणार?" मुलीला ठमीपेक्षा हे वाक्य जास्त लागलं आहे.

आता, वकिलाला कडी काढता येत नाही. कोंबड्यांनाही येत नाही. मग ती उघडली कोणी? आपण तिथे होतात, म्हणून विचारते.

बाकी उरलेल्या सहा कोंबड्या माझ्या अंगणात आहेत. टोमॅटोचं एकही रोप शिल्लक नाही. सगळ्यांत जाड तांबडी आहे, तिला मुलगी 'हेडबाई' म्हणते. ती रोज सकाळी पायरीवर उभी राहून मी वेळेवर उठले की नाही ते बघते. दुसरी एक टाइपरायटरच्या पेटीत अंडं घालते आणि नंतर सगळ्या गल्लीला कळवते.

आपली सूचना विचारार्ह आहे. मात्र माझ्या कोंबडीच्या एका पिसाला जरी धक्का लागला, तर जबाबदार आपण.

मुलगी इथे अत्यंत आनंदात आहे, हे जावईबापूंना अवश्य सांगावे.

आपली,
विहीण

ता. क. आनंदात आहे असं वर लिहिलंय. काल तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो पूर्ण प्यायली. हे जावईबापूंना सांगू नये.


१७ फेब्रुवारी

विहीणबाई,

'माझ्या कोंबडीच्या' म्हणालात! तीन आठवड्यांपूर्वी त्यांना 'ती ब्याद' म्हणत होतात, मला फोनवर ऐकू येत होतं.

कडीचं मला काय विचारता? मी तेव्हा आत भांडी विसळत होते.

कामाचं बोलू. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. तुमच्या मुलीच्या वयाची आहे, पण बोलणं खणखणीत. म्हणाली, "आजी, मारून, ओरडून काही होत नाही. काही लोक मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधतात, तसला अघोरीपणा तर अजिबात करू नका. कोंबडी फडफडली की कुत्र्याच्या पायांत पळणं येतं, त्यात त्याची काही दुष्ट बुद्धी नसते. तेव्हा त्याला आधी शब्द शिकवा." शब्द तीनच. 'बस' म्हटलं की बसायचं. 'सोड' म्हटलं की तोंडातलं टाकायचं. आणि 'इकडे बघ' म्हटलं की कोंबडीवरची नजर काढून माझ्याकडे बघायचं. बघितलं की लगेच बक्षीस, एक तुकडा.

"तुकडा कशाचा?" मी विचारलं.

"कोंबडीचा सोडून कशाचाही," ती म्हणाली.

चीज चालतंय. त्याच्यासाठी वकील मला सासू करून घ्यायलाही तयार होईल. 'बस' जवळजवळ आलंय. काल एका बाईंचं माप घेताना मी त्याला 'बस' म्हटलं, तर बाईच बसल्या. वकील उभाच. पण 'सोड' फार छान जमलंय. चिरंजीवांचा मोजा तोंडात होता, म्हटलं 'सोड', तर टाकला, आणि मग चीज खाऊन झाल्यावर दुसरा मोजा घेऊन आला. पुन्हा सोडला, पुन्हा चीज. संध्याकाळपर्यंत घरातले सगळे मोजे माझ्यापुढे. शिकवतंय कोण आणि शिकतंय कोण, देव जाणे.

आता वास. डॉक्टरीणबाई म्हणाली, कोंबड्यांचा वास त्याच्या रोजच्या सवयीचा झाला पाहिजे. तर खुराड्यातली थोडी पिसं आणि त्यांच्या खालचा वापरलेला पेंढा पिशवीत घालून पाठवा.

तुमची विहीण


२३ फेब्रुवारी

विषय: पिसे व पेंढा

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

मागितल्याप्रमाणे माल सोबत आहे. पोस्टातल्या माणसाने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "पुरावा." त्याने पुढे काही विचारलं नाही, पण पुडकं दोन बोटांनी धरलं.

इकडची तयारी अशी. अंगणाचे दोन भाग केले आहेत. मधे लोखंडी जाळी. बारीक छिद्राची, नाक शिरेल पण जबडा शिरणार नाही अशी. कुत्रे खालून उकरतात असं कळल्यावर ती हातभर जमिनीत पुरून घेतली, आणि वरून उडी मारतात असं कळल्यावर पुरुषभर उंच केली. कोंबड्यांना पळून बसायला आतल्या बाजूला उंच दांडी ठोकली आहे. त्यांचे दाणे झाकणाच्या डब्यात गेले, कारण कुत्रे तेही खातात आणि मग त्यांचं पोट बिघडतं. हे मी ग्रंथालयात बसून वाचून काढलं.

मुलीला सांगितलं, घुशींसाठी जाळी आहे. ती जाळीकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "आई, एवढ्या उंच घुशी?" मी म्हटलं, "सावध असलेलं बरं."

ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला सकाळी आठला जाते, पाचला परत येते. बुधवारी मी गल्लीतल्या कुणाला घरी बोलावत नाही. तेव्हा ३ मार्चला, बुधवारी, दुपारी वकिलासह यावे. त्याला आधी भरपूर फिरवून, पोटभर खायला घालून आणावे. गळ्यात पट्टा हवाच.

कडीबाबत आपले उत्तर समाधानकारक नाही. जेवणं दीडला झाली होती. साडेतीनला भांडी कसली विसळत होतात?

आपली,
विहीण


४ मार्च

विहीणबाई,

तुम्ही हसलात. मी चिखलात पालथी पडले होते आणि तुम्ही पायरीवर बसून हसलात. न्यायालयात छत्तीस वर्षं असलेल्या बाईला हे शोभतं का?

कालचा माझा दिवस आधीपासूनच वाईट होता. चिरंजीवांना सांगितलं, वकिलाला खाज सुटलीय, डॉक्टरकडे नेते. तो म्हणाला, "मी येऊ?" मी म्हटलं, "नको, तुला बघून तो जास्त खाजवतो." तोंडातून काय निघालं ते मलाच कळलं नाही. बसमध्ये कंडक्टर म्हणतो, "कुत्रा मांडीवर घ्या." हा? मांडीवर? त्यापेक्षा मी त्याच्या मांडीवर बसले असते तर सोपं पडलं असतं.

आणि तुमच्या अंगणात पाऊल टाकलं न टाकलं तोच त्याला ती पिवळी कोंबडी दिसली, ती फडफडली, आणि पुढे माझे पाय जमिनीवर नव्हतेच. पट्टा मी सोडला नाही, हे मात्र लिहून ठेवा. दोन्ही कोपरं सोलली, पण सोडला नाही.

जाळी टिकली. तुमचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, पण टिकली. आणि तुमची ती हेडबाई! बाकीच्या पाचजणी दांडीवर चढून बोंबलत होत्या, ही एकटी संथ चालत जाळीपर्यंत आली, वकिलाकडे एका डोळ्याने बघितलं आणि छिद्रातून त्याच्या नाकावर अशी टोच मारली, की तो माझ्या मागे येऊन लपला. शिक्षणातला निम्मा भाग तिनेच उरकला.

मग तुम्ही गरम पाण्याने माझी कोपरं धुतलीत, अंडं उकडून दिलंत. त्याबद्दल काही बोलायचं राहून गेलं. मी तशी बोलत नाही पटकन.

पुढच्या बुधवारी येते. जुना एप्रन घालून.

तुमची विहीण

ता. क. घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाली?" मी म्हटलं, "बुधवारी बुधवारी दाखवायला सांगितलंय." त्याने फक्त मान हलवली. भोळा आहे बिचारा.


२५ मार्च

विषय: प्रगती, आणि एक गंभीर बाब

विहीणबाई,

आधी प्रगती. काल चौथा बुधवार. वकील जाळीपासून दोन हातांवर बसला, तुम्ही 'इकडे बघ' म्हणण्याआधीच तुमच्याकडे बघितलं, आणि शेवटी कोंबड्यांकडे पाठ करून झोपला. पाठ करणं ही मोठी गोष्ट आहे असं पुस्तकात लिहिलंय. त्याच पुस्तकात असंही लिहिलंय, की तरीही कुत्र्याला कोंबड्यांबरोबर एकटं सोडायचं नाही. दहा वर्षं शहाण्यासारखा वागला तरी नाही. हे मी मोठ्या अक्षरांत टाइप करून जाळीला लावणार आहे.

मुलीला माझ्या पायपुसण्यावर काळे केस सापडले. मी म्हटलं, माझेच गळतात हल्ली. माझे सगळे पांढरे आहेत, हे सांगून झाल्यावर आठवलं. तिने केस उचलून बाहेर टाकले. भोळी आहे.

आता गंभीर बाब. तुम्ही गेल्यावर तिची पिशवी आवरायला घेतली. हो, उघडली. आई आहे मी. आत एक छापील कागद होता. सगळा वाचायचा धीर झाला नाही, पण डोक्यावर जाड अक्षरांत 'संयुक्त अर्ज', खाली एका बाजूला तिचं नाव, दुसऱ्या बाजूला जावयाचं, आणि सह्यांसाठी दोन रिकाम्या रेघा. विहीणबाई, नवरा-बायको संयुक्त अर्ज कशासाठी करतात हे मला कुणी सांगायला नको. असे अर्ज मी आठवड्याला दहा-दहा टाइप केले आहेत. दोघं राजीखुशीने वेगळे होतात तेव्हा करतात.

आपण कुत्र्याला 'बस' शिकवत बसलो आणि पोरं उठून चालली.

मला काही सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

आपली


२७ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र दुपारी आलं. मशीनवर पडद्याचं कापड तसंच ठेवून हे लिहिते आहे.

कडी मी उघडी टाकली.

तुम्ही दोनदा विचारलंत, एकदा मी तुम्हाला बनवलं आणि एकदा विषयच टाळला. भांडीबिंडी काही विसळत नव्हते. मी अंडी काढायला गेले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. पोरं आत होती, ऊन छान पडलं होतं, आणि मी आयुष्यात कधी कोंबडीखालचं अंडं हाताने काढलं नव्हतं. गरम असतं हो ते. एकेक करत एप्रनच्या ओच्यात अकरा अंडी झाली. दोन्ही हातांनी ओचा धरला होता, म्हणून दार पायाने लोटलं. कडी मागाहून लावू म्हटलं. आत जाऊन अंडी ठेवते न ठेवते तोच बाहेर गोंधळ.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण चिरंजीव त्वेषाने म्हणाला, "तूच विसरलीस," आणि सूनबाईचा चेहरा असा झाला की माझी जीभ टाळूला चिकटली. वाटलं, शांत झाले की सांगू. मग ती पिशवी भरायला लागली, तेव्हा वाटलं, आता कसं सांगू. मग तुमचा फोन आला आणि तुम्ही माझ्या मुलाला नावं ठेवलीत, तेव्हा वाटलं, आता तर मुळीच नाही. दोन मिनिटं गप्प बसायला गेले आणि दोन महिने झाले. हे सगळं कुत्र्याला शिकवण्याचं खूळ मी कशासाठी काढलं, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

सगळं जग त्या मुक्या जनावराला आणि तुमच्या लेकीला बोल लावतंय, आणि खरी गुन्हेगार इथे दुसऱ्याचे पडदे शिवतेय.

हे पत्र पेटीत टाकून आले की चिरंजीवांना सांगणार. आजच. तो काय करील ते करील. तुमच्या मुलीला तुम्ही सांगा, किंवा मी येऊन सांगते, तुम्ही म्हणाल तसं. पण त्या अर्जावर सह्या व्हायच्या आत.

तुमची


३० मार्च

विहीणबाई,

विषय वगैरे आज काही नाही.

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. मुलगी पाचला घरी आली, तिच्यापुढे पत्र ठेवलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कडीचं. मी खिडकीतून बघत होते. सासूबाईंनी पायाने दार लोटलं, ते मी पाहिलं. कडी लावायला जाणारच होते, तेवढ्यात दूध उतू गेलं."

मी म्हटलं, "मग तेव्हाच का बोलली नाहीस? नवरा सगळं तुझ्यावर ढकलत होता!"

तर म्हणाली, "आई, लग्नाला दोन वर्षं झाली. त्या येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात, पाणी पितात आणि बस चुकेल म्हणून निघतात. त्या दिवशी ओच्यात अंडी धरून त्या अंगणातून गाणं गुणगुणत येत होत्या. पहिल्यांदा आमच्या घरात त्या खूश दिसल्या. त्यांचं नाव मी कसं घेणार होते? आणि मला राग आला तो याचा, की मला ओळखणाऱ्या माणसाला एवढंही वाटू नये, की ही विसरणार नाही."

 हे वाचून तुम्ही रडत बसाल, म्हणून लगेच पुढचं सांगते.

अर्ज. जावयाच्या कंपनीच्या वसाहतीत मागे मोठं अंगण असलेलं एक घर रिकामं झालंय. ते जोडप्यालाच मिळतं आणि त्यासाठी दोघांच्या सह्या लागतात. तो संयुक्त अर्ज! छत्तीस वर्षांची नोकरी, आणि मी दुसरी ओळ वाचली नाही. मुलगी हसून हसून जमिनीवर बसली.

तेव्हा कळलं, की ही दोघं तीन आठवड्यांपासून प्रयोगशाळेच्या उपाहारगृहात रोज दुपारी भेटताहेत. बुधवारचंही सगळं ठाऊक होतं. वकिलाच्या अंगाला तुमच्या दोऱ्यांचा आणि माझ्या पेंढ्याचा वास एकदम येतो म्हणे. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?" तर म्हणे, "वकील सुधारत होता आणि तुम्ही दोघी भांडायच्या थांबला होतात. चाललंय ते बिघडवायचं कशाला?" भोळी म्हणे!

पण कडीची गोष्ट तिने त्यालाही सांगितली नव्हती. भांडण मिटवलं, काटा तसाच ठेवला. तो शनिवारी तुम्ही काढलात. काल सकाळी जावईबापू प्रयोगशाळेत गेले. रक्त द्यायच्या रांगेत उभे राहिले, नंबर आला तेव्हा खिडकीपाशी जाऊन म्हणाले, "मी तुला सगळ्यांदेखत विसराळू म्हटलं. माझं चुकलं, हेही सगळ्यांदेखत सांगतो." ही म्हणाली, "आत्ता?" ते म्हणाले, "आत्ताच." मागे एक आजोबा उभे होते. त्यांनी डोकं पुढे काढून सांगितलं, "बाई, करायचं असेल तर लवकर माफ करा, मी काल संध्याकाळपासून उपाशी आहे."

तिने माफ केलं. मग आजोबांचं रक्त घेतलं.

आता माझं. तुम्ही लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. १७ जानेवारीला संध्याकाळी मुलीने रडत फोन केला तेव्हा शहाण्या आईने म्हटलं असतं, दोन दिवस थांब, राग जाऊ दे. मी म्हटलं, "ये, तुझी खोली तयार आहे." तयार नव्हती. फोन ठेवल्यावर झाडली. लेकीचा संसार विस्कटत होता आणि मी टेबलावर दुसरं ताट मांडताना मला बरं वाटत होतं. मग तुम्हाला फोन करून तुमच्या मुलाला वाटेल ते बोलले, म्हणजे ती लवकर परत जाऊ नये. तुमची कडी विसरण्यातून उघडी राहिली. माझी मी जाणूनबुजून लावली.

आपली,
विहीण


३ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. खिडकीतून बघत होती, हे वाचून मी मशीनवर डोकं ठेवून रडले, आणि वकिलाने येऊन माझा मोजा काढून नेला.

गेल्या शनिवारचं सांगायचं राहिलं. चिरंजीवांना समोर बसवून सगळं सांगितलं. वाटलं, आरडाओरडा करील. तो म्हणाला, "आई, अकरा अंडी? एका वेळी?" म्हटलं, "हो." म्हणाला, "एक तरी फुटलं का?" म्हटलं, "नाही." मग त्याने उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्या लहानपणी मी ठेवायची तसा, आणि रविवारी एकाच सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. तेव्हाच मला वाटलं, हा कुठेतरी जाणार आहे.

सूनबाई काल आली होती. मी आधी जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "माझी चूक होती आणि बोलणी तू खाल्लीस." ती म्हणाली, "खाल्ली खरी." एवढंच. गोड बोलून विषय संपवला नाही, ते मला बरं वाटलं. मग चहा घेतला आणि निघताना म्हणाली, "नवीन घरी तुम्हाला खुर्चीत मागे टेकून बसावं लागेल. कडेवर बसलेलं चालणार नाही."

तुमच्या कडीबद्दल काय लिहू? मुलगा भिंतीकडे बघत का होईना, माझ्या घरात होता, म्हणून मी आतून सुखावले नव्हते असं थोडंच आहे! एकाच माळेचे मणी आपण.

तुमची विहीण


२४ एप्रिल

विषय: स्थलांतर

विहीणबाई, सप्रेम नमस्कार.

रविवारी तुम्ही ताप आल्यामुळे येऊ शकला नाहीत, म्हणून अहवाल देते. मुलं नव्या घरी गेली. कोंबड्या खोक्यांतून, वकील पट्ट्याने. जावयाने जाळी स्वतः पुरली, माझ्याहून खोल. खुराड्याला आता अशी कडी आहे, की दार लोटलं की आपोआप बसते. लिफ्टच्या दाराची आहे म्हणे.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी जाळीचं फाटक उघडून वकिलाला पट्ट्यासकट आत नेलं. आम्ही तिघांनी श्वास रोखला. हेडबाई समोरून चालत आली. वकिलाने तिला पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, मग आपण होऊन बसला. हेडबाई त्याच्या शेपटीजवळचे दाणे टिपून निघून गेली. पाच मिनिटांत त्याला बाहेर आणलं. मुलगी म्हणाली, "रोज पाच मिनिटं, आपण समोर असताना. बाकी वेळ जाळी." शहाणी आहे. कुत्रा कुत्रा आहे आणि कोंबडी कोंबडी, ते विसरायचं नाही.

मी घरी परत आले. अंगण स्वच्छ झालं आहे. आज सकाळी सहाला जाग आली, बाहेर पायरीवर कुणी नव्हतं. झाडू घेतला, झाडायला काही नव्हतं. टोमॅटोची नवीन रोपं आणली आहेत, त्यांना आता कुणाची भीती नाही. घर इतकं शांत आहे की टाइपरायटरचा आवाज शेजारी ऐकू जात असेल.

तुमचा ताप उतरला का?

आपली,
विहीण


२७ एप्रिल

विहीणबाई,

ताप उतरला. माझ्याही दोन खोल्यांत आता मशीनशिवाय कुणी बोलत नाही. काल मी रिकाम्या खोलीला 'बस' म्हटलं आणि स्वतःच खुर्चीत बसले.

शनिवारी सकाळच्या बसने तुमच्याकडे येते आहे. एकटीच, मांडीवर कुणी नाही. दोन रात्री राहीन. तुमच्या त्या झाडून ठेवलेल्या खोलीला पडदे नाहीत, हे मी पहिल्याच बुधवारी पाहिलं होतं. खिडकीचं माप कळवू नका, मला अंदाज आहे. मी शिवीन, तुम्ही टाइप करा, आणि मधे काही भांडायचं सुचलं तर तोंडी भांडू, पत्राची वाट कुणी बघावी?

फक्त एक गोष्ट आधीच लेखी कळवून ठेवते. मी घोरते. खूप घोरते. नंतर म्हणाल, हेही लपवलं.

तुमची विहीण